सूचक, अनुमोदक आणि बांबू

आमच्या झाडीपट्टीत गावाचा विकास करायला सात माणसं लागतात. ही अट 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यातलीच आहे. इंग्रज गेले, पण सात सह्या राहिल्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्याच्या गावांनी त्या आजतागायत बिनतक्रार पुरवल्या आहेत. सातांतला पहिला शोधावा लागत नाही, कारण संस्था निघते तीच त्याला अध्यक्ष करायला. उरलेल्या सहांत एक सख्खा भाऊ, एक साळा, हस्ताक्षर चांगलं म्हणून शाळेतले गुरुजी, बसायला जागा आणि पंखा दोन्ही आहे म्हणून कृषी केंद्रवाला, संस्था सगळ्यांची आहे हे दिसावं म्हणून दुसऱ्या समाजाचा एक भला माणूस, आणि महिला प्रतिनिधी म्हणून अध्यक्षांच्या मंडळी. या बाईंना आपण विश्वस्त आहोत हे पहिल्यांदा कळतं ते बँकवाले केवायसी मागायला लागतात तेव्हा.

नावात ‘बहुउद्देशीय’ हवंच. नुसती ‘ग्रामविकास संस्था’ म्हटलं की ती काहीतरी ठरावीक काम करणार असा लोकांचा गैरसमज होतो. धर्मादाय कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या टंकलेखकाकडे उद्देशांची यादी तयारच असते. त्याने विचारायचं, ‘सारे टाकू का?’ आणि आपण म्हणायचं, ‘टाका.’ मग वृक्षारोपण, वाचनालय, शेळीपालन, संगणक प्रशिक्षण, अंधश्रद्धा निर्मूलन, सामूहिक विवाह, व्यसनमुक्ती आणि भूकंपग्रस्तांचं पुनर्वसन अशा ओळीने संस्था जन्माला येते. पुढची वीस वर्षं ती 15 ऑगस्टला झेंडा लावते आणि शरद पौर्णिमेला दूध वाटते. दूध मात्र चांगलं असतं, खोटं कशाला बोला.

अध्यक्षांबद्दल मी फार लिहीत नाही. गावात राहायचं आहे. एवढंच सांगतो की अध्यक्षापेक्षा माजी अध्यक्ष जास्त टिकाऊ असतो. नवी कार्यकारिणी निवडून आली की माजी अध्यक्षाने इतिवृत्ताचं रजिस्टर, शिक्का आणि समाजभवनाची किल्ली नव्यांच्या स्वाधीन करायची, अशी अपेक्षा असते. तो किल्ली देतो, कारण कुलूप त्याने आदल्या रात्रीच बदललेलं असतं. मग दोघेही चेंज रिपोर्ट दाखल करतात. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम 22 आहे ते याचसाठी; पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत कळवायचं. कळवतात दोघेही. निकाल लागेपर्यंत गावाला दोन अध्यक्ष असतात. साडेसातला जुना झेंडा चढवतो, साडेआठला नवा, आणि शाळेतली पोरं दोन्हीकडचा चिवडा खाऊन घरी जातात.

खरा जीव असतो तो कोषाध्यक्षात. आमच्याकडे हे पद त्या कृषी केंद्रवाल्याकडे जातं, कारण गल्ला त्याच्यासमोर असतो. संस्थेचा हिशोब तो दुकानाच्या उधारीच्या वहीतच ठेवतो. अमक्याचं युरिया, तमक्याचं कीटकनाशक, आणि त्या दोघांच्या मधल्या पानावर वर ‘संस्था’ असं लिहिलेलं. खाली हार, फिनाईल, माईकवाला, पाहुण्यांची मिसळ, पाहुण्यांच्या ड्रायव्हरची मिसळ, परत हार. शेतकरी दिवाळीनंतर धान विकून उधारी चुकवतात. संस्था चुकवत नाही. पण वार्षिक सभेत ‘हिशोब कुठाय?’ म्हणून आवाज चढतो तो याच्यावर, आणि चढवणारा हमखास तो असतो ज्याने वर्गणीचे शंभर रुपये गेल्या गणपतीपासून दिलेले नाहीत. कोषाध्यक्ष खाली मान घालून वहीचं पान काढतो. मी इतकी वर्षं पाहतो आहे, या माणसाचा सत्कार कोणी केलेला नाही. शाल-श्रीफळाचं बिल तेवढं त्याच्याकडे येतं.

पैसा उभा करायचा झाडीपट्टीचा मार्ग वेगळा आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवा. आम्ही नाटक लावतो. धान कापून झालं की मंडई भरते, कुठे शंकरपट असतो, आणि त्याला जोडून रात्रभराचं नाटक. कंपन्या वडशाच्या. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोचली ती या गावात आणि नाटकांचा धंदा वसला तोही इथेच. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की इकडे थंडीत लोक घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघतात, आणि तेही तिकीट काढून.

आता त्या नाटकाचं पोस्टर बघा. नाटकाचं नाव मोठं असतं, गाणारणीचा फोटो त्याहून मोठा, आणि उरलेला अर्धा कागद मान्यवरांचा. उद्घाटक एक. सहउद्घाटक पाच. अध्यक्ष, सहअध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, आणि मग दाटीवाटीने पोलीस पाटील, सोसायटीचे संचालक, तंटामुक्तीचे अध्यक्ष, राइस मिलवाले. ही यादी सन्मानाची वाटते, पण ती वर्गणीची असते. रक्कम जशी, तसा अक्षरांचा आकार. सहउद्घाटक नेमकं काय करतो, हे मी एकदा एका सहउद्घाटकालाच विचारलं. ‘फीत धरतो जी,’ ते म्हणाले, ‘कापतो तो आमदार.’ पाच जण मिळून फीत धरतात. पोस्टरवर रात्री ठीक नऊ, पण सत्कार संपून पडदा वर जातो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं झोपलेली असतात आणि त्यांच्या आया त्यांना चिमटे काढून उठवत असतात.

आणि मग इतिवृत्त. गुरुजींचं हस्ताक्षर इथे कामी येतं. ऑडिटच्या आदल्या रात्री गुरुजी वर्षभराच्या बैठका एका बैठकीत लिहून काढतात. निळं पेन, काळं पेन, आणि मधल्या दोन बैठकांसाठी संपत आलेलं एक तिसरं, म्हणजे सगळं एकाच रात्री लिहिल्यासारखं वाटू नये. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर, चहापानानंतर सभा संपली. भाऊ सुचवतो, साळा अनुमोदन देतो. पुढच्या ठरावाला साळा सुचवतो. ज्या बैठका झाल्याच नाहीत त्यांत मतभेद होणार कसे? आमच्या जिल्ह्यातली अशी रजिस्टरं वाचून कोणाला वाटेल की इथे माणसं नाहीत, सगळे संतच राहतात.

हे सगळं विस्ताराने लिहिलं, कारण याच दोन जिल्ह्यांत काही गावांनी ‘सर्वानुमते’ खरोखर करायचं मनावर घेतलं, आणि त्यामुळे भल्याभल्यांची पंचाईत झाली.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर मेंढा हे गाव लागतं. शेजारच्या लेखा गावाबरोबर त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांची गोंड वस्ती. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून हे गाव हलायला लागलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. घोषणा आपणही देतो, पण देऊन झाली की घरी जेवायला जातो. यांनी ती अमलात आणायला घेतली. नियम केला की गावाचा निर्णय ग्रामसभा घेईल, ग्रामसभा म्हणजे सगळे मोठे बाईमाणूस आणि पुरुष, आणि निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. एकाचाही नकार असेल तर विषय पुढच्या सभेला. त्याच्या पुढच्या सभेला. घाई नाही.

या नियमाने गावात कोणाचा भाव वधारला असेल तर तो आडव्या माणसाचा. असा माणूस प्रत्येक गावात असतो. तळ्याचं खोलीकरण म्हटलं की याच्या बांधीत पाणी येतं, रस्ता म्हटलं की याच्या आंब्याची मुळं तुटतात, आणि काहीच नसलं तर ‘आधीच्या कामाचं काय झालं ते सांगा’. आमच्या ट्रस्टमध्ये असल्या माणसाला बैठकीची नोटीसच जात नाही. सहमतीच्या गावात त्याच्याशिवाय पानही हलत नाही. त्याला लोक घरी जाऊन समजावतात, त्याचं म्हणणं ऐकतात, बांधीवर जाऊन पाणी कुठून येतं ते बघतात. आणि वाईट गोष्ट अशी की बरेचदा तो बरोबर निघतो. एवढं ऐकून घेतल्यावर बिचाऱ्याची सगळी मजाच जाते. विरोधाला कोणी विरोधच करत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस आडवा राहणार?

मेंढ्याने याला जोड दिली अभ्यासगटांची. ग्रामसभेत निर्णय घ्यायच्या आधी विषयाचा अभ्यास करायचा. जंगलाचा, कायद्याचा, मोहोळाचा, पैशाचा. वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर बसले ते वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल. नावात आई, मग वडील, आणि आडनाव नाहीच. 2025 च्या जानेवारीत ते गेले. अभ्यासाला आले, सल्ला दिला, आणि मत द्यायची वेळ आली की बाजूला. आमच्याकडे अशा माणसाला ‘मार्गदर्शक’ करून पत्रशीर्षावर सगळ्यात वर छापलं असतं आणि एकही गोष्ट विचारली नसती. गावातले देवाजी तोफा यांचं नाव देशभर झालं. पण सहमतीच्या सभेत त्यांच्या होकाराला जेवढं वजन, तेवढंच मागे पोराला पाजत बसलेल्या बाईच्या नकाराला.

2006 चा वनहक्क कायदा आला. 2009 साली मेंढ्याला 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावाबरोबर, देशात पहिलाच. आता या जंगलात काय? बांबू. आणि बांबू म्हणजे काय, यावर सरकारात जी चर्चा झाली तशी आमच्या समाजभवनातही कधी झाली नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, बुंधे, झुडपं सगळं कोंबलेलं. 2006 च्या कायद्यात तोच बांबू गौण वनोपज. झाड म्हटलं तर वनखात्याचं, गौण वनोपज म्हटलं तर गावाचं. वनस्पतिशास्त्र म्हणतं ते गवत. बुरडाला विचारलं तर तो म्हणतो कोवळा आहे की पिकला ते आधी सांगा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जाताना या बांबूची जात कोणी विचारली नव्हती. गावाने विकायला काढला तेव्हा सगळ्यांना विज्ञान आठवलं. हक्क तुमचा, पण वाहतूक परवाना आमचा, असं घोडं अडलं. तोडा, पण नेऊ नका.

शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. भर एप्रिलचं गडचिरोलीचं ऊन, केंद्राचा मंत्री, राज्याचा मुख्यमंत्री, आणि सोहळा कसला, तर पावतीपुस्तक देण्याचा. आमच्या ट्रस्टच्या हाती असा योग आला असता तर चाळीस सहउद्घाटक निघाले असते आणि पुस्तक कोषाध्यक्षाच्या दुकानातच राहिलं असतं. मेंढ्यात ते दुसऱ्या दिवसापासून वापरायचं होतं. कायद्यातल्या ‘झाड’च्या व्याख्येतून बांबूचं नाव गळलं ते 2017 मध्ये. झाड न होण्यासाठी बांबूला नव्वद वर्षं लागली.

मग दोन्ही जिल्ह्यांत शेकड्याने ग्रामसभांना हक्क मिळाले आणि जंगलातली माणसं कचेरीला लागली. बांबूचा लिलाव, तेंदूची निविदा, अनामत, करारनामा. पैसा येणार म्हणजे खातं हवं, खातं म्हणजे पॅन. पॅनच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना असतो, संस्था असेल तर स्थापनेची तारीख. आता गाव कधी स्थापन झालं? आजोबा म्हणणार, मोहाचं ते मोठं झाड होतं त्याच्याही आधी. मग अर्जदाराचा प्रकार निवडा: व्यक्ती, कंपनी, भागीदारी, न्यास, आणि एक रकाना ‘कृत्रिम न्यायिक व्यक्ती’. चारशे वर्षांपासून नदीकाठी बसलेलं गाव कृत्रिम, आणि मागच्या मार्चमध्ये नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड अस्सल. बँकेतला साहेब विचारणार, ‘तुमचे अध्यक्ष कोण?’ सहीला आलेली बाई म्हणणार, ‘आमी सारेच आहो जी.’ साहेबाच्या संगणकात ‘सारेच’ टाकायला जागा नसते.

ही सहीला आलेली बाई महत्त्वाची. वनहक्काच्या नियमांत लिहिलंय की ग्रामसभेला निम्मे लोक हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. त्यामुळे सभेची वेळ बायांच्या सोयीने ठरते, रोवणीच्या दिवसांत तर त्यांच्याशिवाय सभा नाहीच. हिशोब वाचला जातो तो मोठ्याने, पुडक्यागणिक. तेंदूची पानं मे महिन्यात तोडतात. 47 अंशांत पहाटे जंगलात जाऊन, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. मोजणाऱ्याने चार पुडकी ‘खराब’ म्हणून बाजूला टाकली तर ती पुडकी कोणाची हे त्या बाईला पाठ असतं. वर्षभरानंतरही. अशा सभेपुढे ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली काही लपवून दाखवावं. आमच्या कोषाध्यक्षाला तिकडे प्रशिक्षणाला पाठवायला हवं, आणि आमच्या अध्यक्षाला तर आधी.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 मध्ये त्यांना हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला. या गावाने बसून नियम केले आणि त्यात ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, जंगलाचं नुकसान होतं. आपण बांबूवर भागवू. आता सांगा, येणारा पैसा नको म्हणणारी संस्था तुम्ही कुठे पाहिली? आमच्या ट्रस्टने आजवर फक्त एकच गोष्ट नको म्हटलेली आहे, ती म्हणजे ऑडिट.

सगळीकडे असंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. हक्क आले तसे पाठोपाठ ‘मदत करणारे’ही आले. ग्रामसभेचा ठराव तयार आणून देणारे, शिक्का बनवून आणणारे, तेंदूचा ठेकेदार भेटवून देणारे. पानं उचलून नेऊन पैसे बुडवलेले ठेकेदार आहेत, आणि त्यांच्या मागे तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या ग्रामसभाही आहेत. काही ठिकाणी समितीच्या सचिवाची मोटारसायकल बदलली की गावात कुजबुज होते. काही ठिकाणी तर तालुक्याहून कोणी गुरुजी येऊन तीन पेनांची विद्याही शिकवून गेले आहेत. पण जिथे सभा खरी भरते, तिथे ही विद्या चालत नाही, कारण लिहिलेलं वाचून दाखवावं लागतं आणि ऐकणारी ती पुडकीवाली बाई असते.

मेंढ्याने तर 2013 मध्ये पुढची पायरी गाठली. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावातल्यांनी आपापल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची ज्याची त्यानेच, पण बाहेरच्याला विकायची नाही. सगळ्या गावाने हो म्हणायला वेळ घेतला, पण घेतला. सरकारने त्याहून जास्त घेतला. उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि अधिसूचना निघायला दशक उलटलं. गावाची सहमती व्हायला वेळ लागतो म्हणून नाक मुरडणाऱ्या साहेबांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

आमच्याच तालुक्यातल्या एका विकास ट्रस्टला हे सगळं बघून यावंसं वाटलं. अभ्यासदौरा म्हणून एक गाडी ठरली. पुढच्या सीटवर कोण बसणार यावर आजी आणि माजी अध्यक्षांचं जमलं नाही, म्हणून दौरा पुढे ढकलला. इतिवृत्तात तो झालेला आहे, सर्वानुमते.

तुम्हाला मात्र जायचं असेल तर जरूर जा. आधी ग्रामसभेला पत्र लिहा आणि उत्तराची वाट बघा. ते लगेच येणार नाही, कारण ‘या’ म्हणायचा अधिकार तिथे एकट्या कोणाला नाही. पत्रावर ‘माननीय अध्यक्ष’ लिहू नका. आणि सोबत शाल-श्रीफळ नेऊ नका, कोणाला द्यावं हे ठरवता येणार नाही.